पिनेला बांधलेला नाडा

(धुळ्याहून जळगावकडे निघालेली मोटार. रोहिदास चालवतोय, शेजारी त्याची बायको ललिता. दुपार कलली आहे.)

ललिता: ...आणि भटजींनी आहुती टाकायला सांगितली, तर तुम्ही मोबाईल बघत उभे. ज्योतीच्या सासरची सगळी माणसं तुमच्याकडे बघत होती.

रोहिदास: बघू दे. होम त्यांचा, हॉटेल त्यांचं. धूर माझ्या डोळ्यांत गेला, तेवढा पुरे.

ललिता: माझ्या सख्ख्या बहिणीचं हॉटेल रोज उघडत नाही. संध्याकाळी गिऱ्हाईक यायला लागेल, तोवर थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

रोहिदास: जळगावला आपलंही एक हॉटेल आहे. त्या काचा बघून विसरलीस का?

ललिता: मगन सांभाळतोय ना तिथे. सकाळी तुम्हीच म्हणालात, मगन आहे, आरामात निघू. जेवणं झाली आणि एकदम डोकं फिरलं तुमचं. नाना बोलले ते लागलं ना?

रोहिदास: तुझ्या वडिलांचं बोलणं मला काय लागायचं?

ललिता: "मना धाकला जवाईनी नाव काढं." सगळ्या पंगतीसमोर. तुमचा घास हातातच राहिला. मी समोरच वाढत होते.

रोहिदास: मी स्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये हॉटेल काढलं, तेव्हा नाना काय म्हणाले होते माहितीये? जावई लोकांची उष्टी काढतो. आता धाकट्याने तेच केलं, फक्त काचा लावून केलं, तर नाव काढलं.

ललिता: म्हणजे लागलं.

रोहिदास: लागलं. झालं समाधान?

ललिता: झालं. सरळ बोललं की बरं वाटतं.

रोहिदास: मग हेही ऐक. धाकट्या जावयाच्या बोर्डावर काय लिहिलंय? 'काडीवरचं भरीत, हितेंद्रभाऊंची खासियत.' कधीपासून रे बाबा तुझी खासियत? बाकीचे हॉटेलवाले गॅसवर वांगी भाजायला लागले, तेव्हा कपाशीच्या काड्यांच्या मोळ्या मी आणत होतो. हा तेव्हा पाचोऱ्याला मोबाईलची कव्हरं विकत होता.

ललिता: काड्यांवर वांगी माझी आजीही भाजायची. सगळा खान्देश भाजतो. तुमच्या नावावर सातबारा आहे का भरिताचा?

रोहिदास: आणि ती चिमणी? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत स्टीलची. वर धूर नेणारा डक्ट, त्यात फवाऱ्याच्या नळ्या, बाजूला लाल सिलिंडर. आग लागली की आपोआप फवारा सुटतो. ते बसवणारा छगन कुणाकडे येत होता? माझ्याकडे. चहा पाजून पाजून मी त्याच्याकडून सगळं समजून घेतलं. येत्या गुढीपाडव्याला आपल्याकडे बसवणार होतो. तुमच्या नात्यातल्या चैत्रामच्या लग्नात हितेंद्रजवळ बोलून गेलो. साहेबांनी माझ्या आधी बसवली.

ललिता: बोललात कशाला?

रोहिदास: मिरवायला. दुसरं कशाला?

ललिता: हेवा मलाही वाटला हो. ज्योतीच्या किचनमध्ये उभं राहिलं तर वारा लागतो. आपल्या शेडमध्ये माझ्या पाठीवर पोळी भाजेल. पण म्हणून तिच्या भाजीत मीठ जास्त पडावं, असं नाही आलं माझ्या मनात.

रोहिदास: बरं.

ललिता: हसलात का?

रोहिदास: कुठे हसलो?

ललिता: हसलात. मुकटी गाव गेलं तेव्हाही गालातल्या गालात हसलात. जेवताना तोंड चिंच खाल्ल्यासारखं, आणि गाडीत बसल्यापासून हे असं. काय शे ते सरळ सांगा.

रोहिदास: काही नाही. चालेल की त्यांचं हॉटेल. बघू किती दिवस.

ललिता: किती दिवस म्हणजे?

रोहिदास: तू आत गेली होतीस ना? वांगी कुठे भाजत होते?

ललिता: चिमणीखाली. काचेतून लोकांना जाळ दिसावा म्हणून. मस्त दिसत होतं.

रोहिदास: आणि शेजारी?

ललिता: तळणाची कढई होती. त्याचं काय?

रोहिदास: चिमणीला खालून स्टीलच्या जाळ्या असतात. आपल्या छोट्या चिमणीला आहेत, तू धुतेस त्या. तेलाची वाफ अडवतात, उडालेली ठिणगी अडवतात. ट्रायलच्या आठ दिवसांत काड्यांच्या काजळीने त्यांच्या जाळ्या बुजल्या, धूर ओढेनासा झाला, सगळा हॉलमध्ये यायला लागला. मग आचाऱ्याने काय केलं, आज सकाळी जाळ्या काढल्या आणि भांड्यांच्या मांडणीमागे उभ्या केल्या. मी पाहिल्या.

ललिता: पण धूर तर छान जात होता.

रोहिदास: जाणारच. आता मध्ये काही नाही. धूर जातो, तेलाची वाफ जाते, आणि ठिणगीही जाते. कपाशीची काडी हलकी, पेटली की उडते. शेतात उडाली तर उडाली. इथे ती डक्टमध्ये जाते, आणि डक्टला आतून तेल धरलेलं असतं.

ललिता: मग तो फवारा कशाला आहे? तुम्हीच म्हणालात ना, आपोआप सुटतो.

रोहिदास: आज नाही सुटणार.

ललिता: का?

रोहिदास: होम कुठे मांडला होता? चिमणीखाली. भटजी म्हणाले, अग्नीची जागा तीच. आता होमाची धग वर लागली असती, तर फवारा अडवून धरणारी वरची कडी वितळून सगळा फवारा भटजींच्या डोक्यावर. म्हणून छगनने सकाळी सिलिंडरला पिन लावून यंत्र बंद करून ठेवलं. होम झाला की पिन काढायची, एवढंच काम. त्याला बोदवडहून कुणाचा फोन आला, तो जेवून पळाला. पिन तशीच.

ललिता: काढेल की कुणीतरी.

रोहिदास: कोण काढेल? भटजींनी यंत्राचीही पूजा केली. हळदकुंकू लावलं, आणि नाडा बांधायला त्यांना तीच पिन सापडली. पूजेचा नाडा तुझी बहीण सोडू देईल का कुणाला? सव्वा महिना हात लावू द्यायची नाही.

ललिता: हे सगळं तुम्ही पाहिलंत.

रोहिदास: पाहिलं.

ललिता: आणि हितेंद्रला सांगितलं नाहीत.

रोहिदास: मी मोबाईल बघत होतो ना.

ललिता: गाडी बाजूला घ्या.

रोहिदास: आत्ताच पारोळा गेलं. एरंडोलला चहाला थांबू.

ललिता: बाजूला घ्या म्हणते ना.

रोहिदास: घेतली. बोल.

ललिता: का नाही सांगितलंत?

रोहिदास: सांगून काय? सगळ्यांसमोर म्हणाला असता, साडूला बघवत नाही. नानांनी मान हलवली असती. मग माझी आणखी शोभा.

ललिता: हे कारण घरी गेल्यावर आरशाला सांगा. मला खरं सांगा.

रोहिदास: वाटलं, थोडी लागावी.

ललिता: काय लागावी?

रोहिदास: आग. थोडीशी. ती चिमणी काळी व्हावी, काच तडकावी. लोकांनी म्हणावं, रोहिदासच्या पत्र्याच्या शेडमध्ये कधी काही झालं नाही.

ललिता: थोडीशी आग कुठे मिळते हो? पावशेर, अर्धा किलो? संध्याकाळी भरीत ठेचायला ज्योती स्वतः उभी राहणार आहे. आईसारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणते. त्या चिमणीखाली उभी राहणार आहे ती.

रोहिदास: मला वाटलं आचारी ठेचतो.

ललिता: मग? आचाऱ्याला घरदार नाही?

रोहिदास: लाव फोन.

ललिता: मी नाही. तुम्ही लावा, तुमच्या तोंडाने सांगा. स्पीकरवर ठेवा.

हितेंद्र: (फोनवर) बोला भाऊ, पोहोचलात पण? तुम्ही थांबायला पाहिजे होतं. टेबलं आत्तापासून फुल. काड्या आत आणून ठेवल्या, आता पेटवतोच.

रोहिदास: पेटवू नको.

हितेंद्र: आवाज कटला भाऊ. काय म्हणालात?

रोहिदास: चिमणीखाली काड्या पेटवू नको. जाळ्या परत बसव. आणि सिलिंडरची पिन काढ, छगन विसरलाय. ती असेपर्यंत फवारा चालणार नाही.

हितेंद्र: भाऊ, आठ दिवस ट्रायल घेतली. दुपारी एवढी पंगत उठली. कुठे काय झालं? पिनेचं छगन आला की बघेल, तिला नाडा बांधलाय, ज्योती हात लावू देत नाही. आणि काड्या बंद केल्या तर मी विकू काय? लोक तो जाळ बघायला येताहेत.

रोहिदास: तोच जाळ वर चाललाय, हितेंद्र.

हितेंद्र: राग मानू नका भाऊ, मोठे आहात. पण खरं सांगू? तुमनं पोट दुखी ऱ्हायनं.

रोहिदास: हो.

हितेंद्र: काय हो?

रोहिदास: दुखतंय. सकाळपासून. तुझ्या काचा बघून दुखलं, चिमणी बघून दुखलं, नाना बोलले तेव्हा तर घास उतरेना. तुझं चांगलं झालेलं मला बघवत नाही. म्हणून तर जाळ्या पाहिल्या, पिन पाहिली आणि गप्प बसलो. वाईट चिंतणारा गप्प बसतो, हितेंद्र. तुला नुसतं घाबरवायचं असतं, तर मी तिथेच पंगतीत बोंब मारली असती.

हितेंद्र: ताई आहे का शेजारी?

ललिता: आहे. ऐकतेय.

हितेंद्र: ताई, भाऊ खरं बोलताहेत?

ललिता: लग्न झाल्यापासून एवढं खरं पहिल्यांदा बोललेत. ऐक त्यांचं.

हितेंद्र: अहो, पण भरिताची ऑर्डर घेऊन बसलोय मी.

रोहिदास: मागे मोकळी जागा आहे ना, बोअरिंगपाशी? तिथे काड्यांचा ढीग लाव, उघड्यावर भाज. पाण्याचा ड्रम भरून ठेव जवळ. वांगी सोलूनच आत ने. आणि लोकांना जाळ बघायचा असेल, तर मागेच खाटा टाक. थंडीचे दिवस आहेत, उठणार नाहीत.

हितेंद्र: खाटा. हं. थांबा, ज्योती काय म्हणतेय... ती नाडा सोडू नका म्हणते.

ललिता: तिला सांग, नाडा सोडून स्वतःच्या मनगटाला बांध. देव काही रागवत नाही. आणि सांग, ताईने सांगितलंय, विचारलं नाहीये.

हितेंद्र: सांगतो. भाऊ, वर डक्टला एक झाकण आहे. उघडून बघू का?

रोहिदास: ब्लोअर बंद कर, गॅस बंद कर, मग उघड. आणि मला सांग.

ललिता: ठेवला त्याने. पाणी प्या थोडं.

रोहिदास: नको.

ललिता: मग कसला विचार चाललाय?

रोहिदास: खाटांचं मी उगीच सांगितलं.

ललिता: का?

रोहिदास: उघड्यावर, खाटेवर बसून, समोर जाळ आणि पानात गरम भरीत. काचेपेक्षा ते जास्त चालेल. जळगावला मला का नाही सुचलं हे?

ललिता: तुम्हाला आत्ता सुचलं. त्याच्यासाठी.

रोहिदास: तेच म्हणतोय मी.

ललिता: तुमचं औषध नाही हो माझ्याकडे. बघा, वाजतोय.

हितेंद्र: भाऊ.

रोहिदास: बोल.

हितेंद्र: झाकण उघडलं. आत वळणावर तेल थापलंय. आठच दिवसांत, विश्वास बसत नाही. त्यात एक काडी चिकटलीये. अर्धी जळालेली.

रोहिदास: विझलेली आहे का नीट? हात लावून बघ.

हितेंद्र: बघितलं, गार आहे. भोवतीचं तेल काळं पडलंय, तळहाताएवढं. पेटून आपोआप विझलं असणार. का विझलं, कळत नाही.

रोहिदास: पिन?

हितेंद्र: काढली. ज्योतीनेच नाडा सोडला. ती नुसती वर बघत उभी आहे. दुपारी याच्या अगदी खाली होती ना ती, पुऱ्या तळत.

ललिता: तिला बाहेर घेऊन ये, हितेंद्र. पाणी दे तिला.

हितेंद्र: हो ताई. भाऊ, मी मघाशी जे बोललो, ते मनावर घेऊ नका. तुम्ही वेळेवर सांगितलंत.

रोहिदास: ती काडी दुपारची आहे, हितेंद्र. तेव्हा मी तिथेच जेवत बसलो होतो.