भुंग्याचा मागचा पाय

कोल्हापुरात जनावरांना व्यायाम देऊन बरं करणारा एक दवाखाना आहे. प्रियदर्शनी तिथं मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी एक नवरा-बायको होते. त्यांच्या पायाशी लांब टांगांचा कुत्रा, भुंग्या, मागचा पाय वर धरून उभा होता.

“जिन्यावरनं पडला म्हनता?”

“व्हय की! किती येळा सांगू, सोनम?”

“आपल्या घराला जिना कुठं हाय?”

“आपल्या न्हवं गं, नागसेनच्या.”

“भावजी तर तळमजल्यावर ऱ्हात्यात.”

“मग काय झालं? इमारतीला जिना असतोयच की.”

“आन् घरी आनायच्या आधी त्याला आंगूळ का घातलीसा?”

“मातीनं भरला हुता.”

“जिन्यावर माती?”

नवरा मोबाइल बघू लागला. प्रियदर्शनीनं उगाचच टोपलीचं झाकण उघडून मिटलं.

तेवढ्यात डॉक्टर भुंग्याच्या पायाच्या सोनोग्राफीचे फोटो घेऊन बाहेर आले.

“मांडीचा स्नायू फाटलाय. हे पडून होत नाही, जीव तोडून पळताना होतं. आता पाण्यात चालवायचं, हळूहळू. बरेच महिने जातील.”

“महिने? डॉक्टर, गारगोटीच्या शर्यतीपतोर पळंल न्हवं?” नवऱ्यानं विचारलं.

मग सोनम उठली.

“चालंल का म्हनून तरी इचारायचं हुतं.”

तिनं नवऱ्याच्या हातातला पट्टा काढून घेतला, भुंग्याला कवेत उचललं.

“तुमी हितंच बसा,” म्हणाली आणि डॉक्टरांच्या मागोमाग आत गेली.