खालच्या मजल्यावरचे बोंबील

श्यामकांत: पडली नाही गं ती, ताई. बसली. आंघोळ करता करता खाली बसली आणि बसताना कपाळ नळाला लागलं.

कुंदा: बसताना कपाळ नळाला लागतं? कुठल्या आसनात बसते रे तुझी बायको?

श्यामकांत: तू मुलुंडहून पार्ल्याला काय भांडायला आली आहेस?

कुंदा: मी रविवारी भावाकडे जेवायला आले. तर वहिनी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर आडवी, आणि भाऊ पुस्तकाने वारा घालतोय.

नीला: मला बरं वाटतंय आता, वन्सं. नका ना बोलू.

कुंदा: तू गप्प पड. कितव्यांदा झालं हे?

नीला: पडले आजच. गरगरतं मात्र रोज. मळमळतं. कपडे कसे घालते तेसुद्धा कधीकधी कळत नाही.

श्यामकांत: डॉक्टरांनी तपासलंय. अशक्तपणा म्हणाले. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. पण खरं कारण मला ठाऊक आहे. खालचे लोक! रोज तवा चढतो. बोंबील, सुकट, काय वाट्टेल ते. त्या वासानं हिचं डोकं उठतं. मी सोसायटीला अर्ज दिलाय, पत्नीच्या प्रकृतीवर परिणाम होतो म्हणून.

कुंदा: नीला, वासानं उठतं तुझं डोकं?

नीला: हे म्हणतात तसं.

कुंदा: हे काय म्हणतात ते मी ऐकलं. तुझं डोकं काय म्हणतं?

नीला: आंघोळीत उठतं. मग मालनवहिनींकडे जाऊन बसले की उतरतं हळूहळू.

श्यामकांत: कोण मालनवहिनी?

नीला: खालच्या.

श्यामकांत: तू त्यांच्याकडे जातेस?

नीला: केस वाळवायला जाते. त्यांच्या गॅलरीत ऊन येतं.

कुंदा: म्हणजे बोंबील तळतात तिथे हिचं डोकं उतरतं, आणि बोंबलांपासून तू हिला वाचवतोस तिथे चढतं. श्याम, बँकेत कुठल्या खात्यात आहेस रे तू?

श्यामकांत: इन्स्पेक्शन.

कुंदा: अरे देवा.

श्यामकांत: हे बघ, शाळेत सायन्स शिकवतेस म्हणून–

कुंदा: हा गॅसचा गिझर कधी घेतलास?

श्यामकांत: पाडव्याला. अख्ख्या बिल्डिंगमध्ये पहिला. त्याचं धुराडं भिंतीतून थेट बाहेर काढलंय, मी स्वतः समोर उभा राहून बसवून घेतलं. त्यात चूक काढू नकोस.

कुंदा: नाही काढत. तेव्हा न्हाणीघराची ही खिडकी बंद होती?

श्यामकांत: नव्हती. या काचांच्या फटींतूनच तर यायचा वास. मग मी फटींत लांबी, म्हणजे पुट्टी भरली, वरून ब्राऊन पेपर. सगळ्या खिडक्यांना केलंय. बाहेरच्या दाराला खालून रबराची पट्टी. बोट घालायला जागा सापडली तर सांग.

कुंदा: आणि तरीही येत होता म्हणून स्वयंपाकघरात तो पंखा लावलास.

श्यामकांत: एक्झॉस्ट. काय खेचतो माहितीये? दोन मिनिटांत घर स्वच्छ.

कुंदा: खेचून बाहेर टाकतो. मग तेवढी हवा घरात येते कुठून?

श्यामकांत: येते कुठून तरी.

कुंदा: बोट घालायला जागा नाही म्हणालास ना? नीला, देवाजवळची उदबत्ती कुठे आहे? राहू दे, उठू नकोस, मी घेते. श्याम, पंखा बंद कर आणि इकडे ये.

(कुंदा गिझर चालू करून पेटती उदबत्ती त्याच्या वरच्या फटीशी धरते.)

कुंदा: धूर कुठे चाललाय?

श्यामकांत: वर. धुराड्यात. सांगितलं ना, नीट बसवलंय.

कुंदा: आता पंखा लाव.

श्यामकांत: लावला.

कुंदा: ये, बघ.

श्यामकांत: तुझा हात हलतोय.

कुंदा: मग तू धर.

श्यामकांत: हा… हा बाहेर का येतोय? स्वयंपाकघराकडे चाललाय.

कुंदा: तुझा पंखा बोलावतोय त्याला. घरात हवा यायला एकच भोक उरलंय, हे धुराडं. त्यातून बाहेरची हवा आत येते आणि गिझरचं जळलेलं सगळं घेऊन येते. बंद कर आधी दोन्ही. आईचा बंब आठवतो? वारा फिरला की धूर घरात. आई आधी दार उघडायची, मग बाबांना बोलायची.

श्यामकांत: पण बंबाचा धूर दिसायचा. डोळे चुरचुरायचे. इथे काहीच नाही.

कुंदा: नाहीच दिसत. वासही नाही त्या विषारी वायूला. ज्याला वास आहे त्याच्याविरुद्ध तू अर्ज करतोस, आणि ज्याला नाही त्यात बायकोला आंघोळ घालतोस.

श्यामकांत: मग मला का होत नाही काही? मीही तिथेच करतो आंघोळ.

नीला: तुम्ही सकाळी सहाला करता. पंखा खालचा तवा चढल्यावर लावायचा, हे तुम्हीच सांगितलंय. माझी आंघोळ तेव्हाच असते. आणि मला गरगरलं की तुम्ही पंखा आणखी वेळ चालू ठेवायला सांगता.

कुंदा: बोल आता, साहेब.

श्यामकांत: एका उदबत्तीवरून सगळं ठरवायचं का? उद्या कंपनीचा माणूस बोलावतो. तो येऊन रीतसर बघेल, मग ठरवू.

कुंदा: ठरवू. लेक कुठे आहे तुमची, क्षमा?

नीला: खाली खेळतेय. तिची आंघोळ राहिलीय अजून.

कुंदा: जा श्याम, हाक मार तिला. गिझर लाव, पंखा लाव, आणि पोरीला आत सोडून दार ओढून घे. उद्या माणूस येणारच आहे.

(श्यामकांत खिडकीकडे जातो.)

कुंदा: काय झालं? एका उदबत्तीनं काय होतंय?

श्यामकांत: उलथनं कुठे आहे?

नीला: मांडणीवर. कशाला हवंय?

श्यामकांत: लांबी काढतो.

कुंदा: सांभाळून. काच फोडशील.

श्यामकांत: फुटू दे. भलतीच पक्की बसलीये.

कुंदा: कामात चोख आहेस, ते कोणी नाकारत नाही.

श्यामकांत: निघाली एक. ही दुसरी. आला बघ! आला वास.

कुंदा: येऊ दे. वास येतोय म्हणजे हवा येतेय.

श्यामकांत: नीला.

नीला: काय हो?

श्यामकांत: डोकं कसं आहे?

नीला: उतरतंय.

श्यामकांत: त्रास नाही ना होत? आज भलताच उग्र आहे. बोंबीलच असणार.

नीला: नाही हो. मांदेली आहेत. बोंबलांना मालनवहिनी इतकी लसूण नाही लावत.