कणकेचा हिमालय

...आणि कशाचा केला असेल तिनं? कणकेचा! मी म्हणते, हिमालय काय कणकेचा असतो? नाही, मी काही जळत नाही लतावर, जळायचं काय त्यात! पण तुम्हीच सांगा, आमच्या जळगावच्या कॉलेजातून भूगोलाची मंडळी हिमालय बघायला निघाली, बायकांना जागा दोन, त्यातली एक सरांच्या बाईंना, सोबत म्हणून. उरली एक, आणि वर्गात मुली आम्ही दोघी! सर म्हणाले, "इंदिराबाई, लताबाई, पर्वत कसा तयार होतो हे प्रिन्सिपॉलसाहेबांना जी करून दाखवील, ती येईल."

झालं, मी पुस्तक उघडलं! आता पुस्तकात काय आहे? जमिनीचे सपाट थर दोन्हीकडून दाबले गेले, लाखो वर्षं, अगदी हळूहळू, की त्यांच्या घड्या पडतात आणि वर उचलल्या जातात. तेवढंच ना? मी खोकं घेतलं, सरकती फळी बसवली, शेतातली काळी माती, गेरू, पांढरी माती, परत काळी, असे चार थर दिले. पण ओलं खोकं गळलं तर? साहेबांच्या टेबलावर चिखल झाला तर? म्हणून आठ दिवस आधीच धाब्यावर, घराच्या मातीच्या छपरावर, उन्हात ठेवलं. झुंबरआत्या म्हणाली, "आवं बाय, काई माटी शे ती, वाळनी का फाटस!" मी म्हटलं, "आत्या, हा भूगोल आहे, तुला नाही कळायचं."

आणि तिकडे ही लता! खापरावरच्या पोळीसाठी तिंबतात तशी कणीक, एक थर हळदीचा, एक कुंकवाचा, एक निळीचा... फळी अशी सरकवली, अशी सरकवली, जशी काय लाखो वर्षं मोकळीच आहे बाई! थर वळले, दुमडले, मधे डोंगर वर! साहेब म्हणतात, "वाहवा!" मी जळत नाही हं, पण हळद इतकी घालतात?

मग मी. खोक्यावरचं फडकं काढलं तर... भेगाच भेगा! काळी माती वाळली की फाटते, हेच तर आत्या सांगत होती! मी फळीला हात लावतेय, तेवढ्यात सर अगदी कानाशी येऊन, "हं, दाबा!"

दचकले हो! अशी दचकले की फळी एकदम आत! काड्‌! अर्धा ठोकळा सटकन वर, अर्धा खाली, आणि ढेकूळ साहेबांच्या पांढऱ्या कोटावर!

सर मात्र नाचायलाच लागले. "प्रस्तरभंग! खडक खोल, तापलेला असला की वळतो, आणि थंड, ठिसूळ असला की असा तुटतो, एक तुकडा वर चढतो! इतका स्वच्छ प्रस्तरभंग मी पुस्तकातसुद्धा पाहिला नाही!"

मी मनातल्या मनात स्वेटर विणायला घेतला. लोकर निळी.

साहेब कोट झटकत म्हणाले, "पण हिमालय मुख्यतः घड्यांचाच ना?"

"हो... हो," सर म्हणाले, "तुटलेल्या कडा पाहायच्या तर आपला सातपुडा! इंदिराबाई, पायथ्याशी चार दिवस राहा, निबंध लिहा." आणि लता, सगळ्यांसमोर गळ्यात हात टाकून, "अगं, मग यावलला आमच्याच घरी उतर की!"

म्हणजे ती हिमालयात आणि मी एस.टी.नं यावलला! रोज उन्हात सातपुड्याच्या कडा मोजते, संध्याकाळी लताच्या आईच्या, मंजुळाबाईंच्या, हातचं भरीत खाते. भरीत उत्तम आहे, मी खोटं कशाला बोलू? मी मुळी जळतच नाही! पण मंजुळाबाईंना वाचता येत नाही, आणि काल हिमालयातून लताचं पत्र आलं. वाचणार कोण? मी! "प्रिय आई, इथं बर्फ किती सुंदर..."

"जराशी मोठ्यानं वाच वं माय, शेजारच्या बेबाबाईले बी आयकू दे!"

वाचलं. मोठ्यानं. बेबाबाई आल्यावर पहिल्यापासून वाचलं. आता तिची सासू येतेय... आणि तिला, म्हणे, ऐकू जरा कमीच येतं.