अर्धी चौकट

...आणि वर शिक्षकखोलीत सगळे मलाच विचारतात, ‘सर, फळ्यावर जागा नव्हती का हो?’ नव्हती! तुम्हाला सांगतो, आठ दिवस घरी कपाटाच्या दारावर खडूनं सराव केला मी. गुणोत्तराची उदाहरणं चौकटी काढून शिकवायची. धाकट्या बहिणीच्या तीन, मोठीच्या पाच, आणि चौकटी सारख्या हव्यात. बायको म्हणते, ‘अहो, चौकटी राहू द्या, मला आधी कपाटातले कपडे काढू द्या.’ पण माझं हे तात्पुरत्या नेमणुकीचं तिसरं वर्ष, मुख्याध्यापिका बाई मागच्या बाकावर वही घेऊन बसणार, पाठ रंगला तर कायम, नाहीतर... झोप कशी लागणार माणसाला?

वर्गात शिरलो, तर फळ्यावर विज्ञानाच्या बाईंनी काढलेली पचनसंस्था! आतडी पार मधोमध आलेली, भोवती रेघ, खाली ‘पुसू नये’. आता ‘पुसू नये’ म्हटल्यावर कोणता शिक्षक पुसतो? सांगा ना. तरी उदाहरण घातलं. धाकटीचे आणि मोठीचे मणी तीनास पाच, मोठीकडे बारा जास्त, तर एकूण किती? म्हटलं, मुलांनो, घाबरायचं नाही, चित्रात दिसतं तेच धरायचं. आणि चौकटी सारख्या हव्यात. धाकटीच्या तीन काढल्या, झकास. मोठीच्या चार काढल्या आणि आडवी आली आतडी! पाचवी बसवली कशीबशी... निम्मीच मावली.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली. ‘सर, शेवटची अर्धीच आहे.’

‘बाळ, ती पूर्ण समजायची.’

‘पण सर, तुम्हीच म्हणालात, दिसतं तेच धरायचं.’

मी तोंड उघडायच्या आत अख्खा वर्ग गणित करत सुटला. ‘फरक दीड चौकट म्हणजे बारा, एक म्हणजे आठ, साडेसात चौकटी... साठ!’ अहो, अठ्ठेचाळीस यायला हवेत! आणि पठ्ठ्यांनी ताळाही करून दाखवला, छत्तीस उणे चोवीस, बारा. माझ्या चित्रापुरतं बरोबरच होतं की ते.

मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे वही मिटली. ‘मुलं चित्र उत्तम वाचतात, सर. तुम्ही अजून वर्षभर काढायचा सराव करा.’

चौकटी सारख्या हव्यात, दुसरं काय. शिक्षकखोलीतल्या यादीत माझ्या नावापुढे ‘तात्पुरते’ लिहिलंय ना, त्याच्याखाली ‘पुसू नये’ असं कुणी लिहिलेलं नाही... तरी पुसत मात्र कुणीच नाही.