सरळ न केलेला पत्रा

सदुसष्ट सालची गोष्ट. बोईसर स्टेशनाजवळच्या शेडमध्ये पत्रे कापणारा नागोराव पाळी संपवून बसच्या रांगेत उभा होता. पुढे माकुणसार गावची लाडकी नवऱ्याला, चिंधूला, झाडत होती.

"छपराचा पेंढा काढून पत्रे घातलेस. काय शोभा आली!"

"इथल्याच शेडमधून कोरे आणले मी."

"कोरे, पन सरळ हायत का? चटईवानी परत गुंडाळतात. खिळे उपटून एक तुझ्या आयच्या खांद्यावर पडला. हात उचलत नाय तिचा."

"गुंडाळीतून कापतात ते. यंत्राच्या फिरत्या रुळांतून दाबून काढून सरळ करायचे असतात."

"मंग केले का नाय? कापणाऱ्याचे हात झडले होते?"

गुंडाळीच्या आतल्या टोकाचे, जास्त वाकलेले पत्रे रुळांतून दोनदा काढावे लागत. घरी जायच्या घाईत नागोरावाने ते एकदाच काढले होते.

"बाई, ते मीच कापले. घेऊन या, सरळ करून देतो."

लाडकीने त्याला खालून वर न्याहाळलं.

"आमीच उतरवायचे, आमीच वाहायचे? वा रे कारागीर! म्हातारीला तोंड कोन दाखवनार?"

"येईन की एकदा."

"एकदा कशाला? ही बस आली. चढ."

नागोराव चढला.