स्टीलची मांडी

(शाळा सुटल्यावर, तिसरीच्या वर्गाबाहेर. वडील स्टुलावर बसून फळी रंगवताहेत, मुलगी, याच वर्गाची शिक्षिका, रंगाचा डबा धरून उभी.)

वडील : ‘लहानपणापासून शिकवण्याची आवड. छंद : वाचन, बागकाम.’ बागकाम कुणाचं गं?

मुलगी : माझं. दोन कुंड्या आहेत की.

वडील : त्यातली एक वाळली.

मुलगी : बाबा, तुम्ही रंगारी. दिलंय तेवढं रंगवा. उद्या पालक येणार, प्रत्येक वर्गाबाहेर बाईंची ओळख हवी म्हणून मोठ्या बाई मागे लागल्यात.

वडील : दिलं तेवढंच रंगवत आलो. म्हणून तर मांडी झाली.

मुलगी : हळू बोला! शिपाईमामा आहेत तिकडे.

वडील : ऐकू देत. ‘स्टीलची मांडी मिळतील.’ अख्खा बाजार त्या दुकानासमोर पोट धरून हसत होता. दुकानदारानं चिठ्ठीत भ वरून सरळ रेघ ओढलेली. मला भ काय नि म काय. चित्र बघून चित्र काढायचो.

मुलगी : मोठ्यानं वाचलं मीच. आधी हसले तीही मीच.

वडील : दुसरीत होतीस. पण घरी आल्यावर पाटी घेऊन बसलीस ना? ‘म च्या डोक्यावर टोपी, भ चं डोकं उघडं.’ चुकलो की कान धरायला लावायचीस.

मुलगी : आमच्या बाईंची नक्कल होती ती.

वडील : मग आवड कुठून आली, ते लिही.

मुलगी : लिहिलं होतं. खोडलं.

वडील : का?

मुलगी : इथल्या निम्म्या दुकानांवर तुमची अक्षरं आहेत, बाबा. लोक म्हणतील, यांना वाचताच येत नव्हतं.

वडील : नव्हतंच. अगं, तुझ्या वर्गातल्या कुणाचा बाप असेल अजून तसा. उभा राहील इथं, फळीकडे बघत. त्याचं पोर त्याला वाचून दाखवेल.

मुलगी : (डबा खाली ठेवत) बरं, मजकूर बदलू या.

वडील : सांग लवकर. ब्रश सुकतोय.

मुलगी : ‘पहिला विद्यार्थी : माझे वडील. पहिला शब्द : भांडी.’

वडील : बागकाम गाळू?

मुलगी : गाळा. थांबा, कागदावर लिहून देते. बघून काढा.

वडील : नको. (फळीवर ब्रश फिरवतो) हं. डोकं उघडं आहे ना?

मुलगी : आहे. छान काढलात.

वडील : काढला नाही गं. लिहिला.