उद्या ती बूट काढणार नाही

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील पाहुणे, पाळी संपवून तसेच थेट आलेले माझे सहकारी आणि पहिल्या रांगेत जांभई आवरत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती,

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की मीच मागं वळून पाहिलं, हा गृहस्थ आहे तरी कोण. खरं सांगू? दमलोय. जन्मभर चिखलाशी हुज्जत घातली, माणूस दमणारच.

आपल्या कारखान्याखाली घट्ट जमीन नाही. म्हणून आम्ही चिखलातच सिमेंट घुसळून जाड खांब करतो आणि त्याच्या पोटात काँक्रीटचा दुसरा खांब बसवतो. नुसतं वजन तो मुकाट्याने घेतो. पण वर यंत्र सुरू झालं, पाया खालीवर थरथरू लागला, की काँक्रीट, त्याभोवतीचं सिमेंट आणि बाहेरचा चिखल, तिघांनी एकत्र हलायला हवं. एका घरातली तीन माणसं तरी कधी एकदम हलतात का?

शिवाय खांब घालताना डिवचलेला चिखल घट्ट व्हायला वेळ घेतो. तोवर पायाची लय यंत्राच्या लयीशी जुळली, तर थरथर वाढतच जाते. शेजारून गॅसच्या नळ्या गेल्यात. पलीकडे पाळीवरची माणसं बसतात.

आपल्याकडे रीत आहे. मोजमापं पटली, की पाया करणाऱ्याने बूट काढून अनवाणी त्या पायावर उभं राहायचं, मगच यंत्राची कळ दाबायची. माझ्या तेलकट तळव्यांनी घरातल्या किती चादरी गेल्या, ते पहिल्या रांगेत सौभाग्यवतींना विचारा.

नव्या कंप्रेसरच्या पायावर मी अजून उभा राहिलेलो नाही. निवृत्ती पुढच्या महिन्यात होती. शिल्लक रजा संपवा म्हणालात, म्हणून समारंभ आज झाला. कंप्रेसर उद्या सुरू व्हायचाय. योगायोग असेल, अध्यक्ष महाराज.

उद्यापासून माझ्या जागी तिसऱ्या रांगेतली ती मुलगी. काल चहा घेताना म्हणाली, "सर, आकडे पटत नाहीयेत. पण नोकरी नवी आहे, घरी आई आजारी."

मी म्हटलं, "मग काय करणार?"

तिने कप खाली ठेवला. "बूट नाही काढणार, सर."

मला तिची काळजी वाटते, आणि अभिमानही वाटतो. आत्ता मागं वळून बघू नका तिच्याकडे, अवघडेल ती.

फुलांबद्दल आणि इतक्या वर्षांच्या मायेबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. आजच्या बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते माझ्या खाती टाका, तिच्या नको. बसतो आता.